केपटाउनहून एका दिवसात गेनाडेंडाल हे जुनं मिशनरी गाव बघून होईल का?

हो, आरामात. गाडीने साधारण दोन तास लागतात. पण घाईघाईत फोटो काढून परतू नका. गेओर्ग श्मिट या मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) धर्मप्रचारकाने 1738 मध्ये इथल्या मूळ रहिवासी खोई लोकांसाठी काम सुरू केलं. त्याने काहींना बाप्तिस्मा दिल्यावर केपचे डच पाद्री भडकले आणि 1744 मध्ये तो मायदेशी परतला. मग तब्बल 48 वर्षं इथे एकही मिशनरी नव्हता! 1792 मध्ये नवे आले, तेव्हा श्मिटची शिष्या माग्दालेना म्हातारी झाली होती. त्याने दिलेला बायबलचा नवा करार तिने जपून ठेवला होता. मला इथलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

चर्चचा चौक, संग्रहालय आणि जुना छापखाना नक्की पाहा. मंडेलांनी अध्यक्ष असताना केपटाउनच्या निवासस्थानाला याच गावाचं नाव दिलं. जेवायला शेजारचं ग्रेटन गाव गाठा.