क्रीक म्हणजे खाडी? मग डॅलसला समुद्र कुठून आला?

अमेरिकेतल्या डॅलसच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांच्या मुलाला रविवारच्या मराठी शाळेत 'माझ्या घराजवळची जागा' असा निबंध होता, त्यानं व्हाइट रॉक लेकवर लिहिला आणि त्यात वाक्य आलं "व्हाइट रॉक खाडीवर धरण बांधून हे सरोवर बनवले". आजीनं फोनवर ऐकून विचारलं, अरे तुमच्याकडे समुद्र आहे का? तर चूक कुणाची आणि बरोबर शब्द कोणता.

ताई, आजी शंभर टक्के बरोबर. खाडी म्हटलं की भरती-ओहोटी आली, खारं पाणी आलं, चिखल आणि तिवरं आली. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, दाभोळची खाडी बघा, सगळीकडे समुद्र आत घुसलेला आहे. घोळ इंग्रजीतलाच आहे, कारण इंग्लंडात क्रीक म्हणजे समुद्राचा आत शिरलेला फाटा, त्या अर्थानं साहेबानं ठाण्याच्या खाडीला क्रीक म्हटलं आणि आपल्या डोक्यात क्रीक बरोबर खाडी हे समीकरण पक्कं बसलं. अमेरिकेत मात्र तोच शब्द गोड्या पाण्याच्या लहान प्रवाहाला वापरतात, म्हणजे आपला ओढा.

आता ओढा, नाला, ओहोळ यातलं काय घ्यायचं? नाला नको, निदान शहरातल्या माणसासाठी तरी नको, नाला म्हटलं की आता वासच येतो आणि मे महिन्यातली नालेसफाई आठवते. ओहोळ त्या मानानं फारच बारीक. म्हणून ओढाच घ्या. कोकणात पऱ्ह्या म्हणतील, गोव्याकडे व्हाळ म्हणतील, आजी तिकडच्या असतील तर खुशाल तेच लिहा, पोराला एक शब्द जास्त मिळेल.

सरोवर चूक नाही म्हणता येणार पण कानाला खटकतं. लोणारचं सरोवर ठीक, ते उल्केच्या आघातानं झालंय, माणसानं बांधलेल्याला आपण बोलताना तलाव किंवा तळं म्हणतो. मुंबईचा विहार तलाव घ्या, 1860 साली मिठी नदीच्या उगमाकडचं पाणी बांध घालून अडवलं, आणि तो आजही तलावच आहे. जलाशय हा शब्द सरकारी कागदावर आणि पेपरात. आणि मोठं काम असलं की आपण थेट सागरावर जातो, कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर, तिथे मात्र समुद्र नाही म्हणून कुणी आजी तक्रार करत नाही :)

अजून एक गंमत, बोलताना आपण भिंत आणि पाणी दोन्हीला धरणच म्हणतो. "धरण भरलं" म्हणजे पाणी, "धरणावर फिरायला गेलो" म्हणजे भिंत, "धरणात पोहू नका" म्हणजे परत पाणी. मुलाला हे सांगा, कारण इंग्रजीत विचार करणाऱ्या पोरांना 'धरणात मासे आहेत' ऐकून भिंतीत मासे कसे असा प्रश्न पडू शकतो. आणि भिंतीमागे पाणी जिथपर्यंत मागे सरकत जातं त्याला फुगवटा म्हणतात, बॅकवॉटर म्हणायची काही गरज नाही, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला फ्लेमिंगो येतात ते तिथलेच.

ओढा अडवून तलाव हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचं पाणी कात्रजला अडवून नळानं शहरात आणलं, आणि त्याच ओढ्यावर पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. ते तळं कधीच गेलं, आज तिथे सारसबाग आहे, पण तिथल्या गणपतीला जुने पुणेकर अजून तळ्यातला गणपतीच म्हणतात.

तर वाक्य असं करा: "व्हाइट रॉक क्रीक नावाच्या ओढ्यावर धरण बांधून 1911 मध्ये हा तलाव तयार झाला." क्रीक हे नावाचाच भाग आहे म्हणून तसंच ठेवलंय. आजीला परत एकदा वाचून दाखवा आणि काय म्हणाल्या ते इथे कळवा.