बॅले नर्तकी फॅनी एल्सलरचा ‘काचुचा’ हा स्पॅनिश नाच एवढा का गाजला? ती स्पॅनिश होती का?

छे, एल्सलर व्हिएन्नाची! १८३६ साली पॅरिस ऑपेराच्या ‘ल दियाब्ल ब्वातो’ या बॅलेत तिने काचुचा केला. गुलाबी साटीनचा झगा, त्यावर काळी लेस, हातात कॅस्टानेट, म्हणजे बोटांनी वाजवायच्या लाकडी चिपळ्या. तोवर दुसरी बॅले नर्तकी मारी तालिओनी हिची तरंगती, परीसारखी शैली लोकांच्या डोळ्यांत भरली होती. एल्सलरने उलट कंबर लचकवली, पाठ मागे झुकवली, टाचा आपटल्या. समीक्षक गोतिए तालिओनीला ‘ख्रिस्ती’ नर्तकी म्हणायचा आणि हिला ‘पेगन’, म्हणजे ख्रिस्तपूर्व मूर्तिपूजक वळणाची. मला हे वर्णन चपखल वाटतं. अस्सल स्पॅनिश नर्तक पॅरिसला त्याआधी, १८३४मध्येच येऊन गेले होते. म्हणजे नाच त्यांचा, नाव झालं हिचं. पुढे झोर्न या नृत्यशिक्षकाने या काचुचाची नृत्यलिपी, म्हणजे हालचालींची चिन्हांत केलेली नोंद, छापली, म्हणून तो आजही बसवता येतो.