जुनी मर्सिडीज ई-क्लास वर्षाला जेमतेम ४,००० किमी चालते. तरी दरवर्षी सर्व्हिसिंग करावं का?

हो, करावंच. गाडी उभी राहिली तरी ऑइल जुनं होतं. उलट दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि ओलावा ऑइलमध्येच राहतो. वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदला. बाहेरच्या गॅरेजला दिली तरी हरकत नाही, पण मॅन्युअलमधला एमबी २२९.५ सारखा अप्रूव्हल क्रमांक (मर्सिडीजने ते ऑइल मान्य केल्याची खूण) ऑइलच्या डब्यावर आहे का, ते स्वतः बघा. नुसतं 'फुली सिंथेटिक' पुरत नाही. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, ते दर २ वर्षांनी बदला.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. टायर वयानेही जुना होतो. तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे कडेवर असतात: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५वा आठवडा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सनरूफकडे. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानांचा चुरा कोपऱ्यातल्या, पाणी बाहेर जाण्याच्या भोकांत बसतो आणि पावसाचं पाणी कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत उतरतं. तो खर्च फार मोठा असतो हो! मे महिन्यातच सनरूफ उघडून कोपऱ्यात थोडं पाणी ओता, ते गाडीखाली गळायला हवं. तुंबलं असेल तर तार खुपसू नका, आतली नळी निखळते.

गाडी आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी चार्ज ठेवणारं छोटं उपकरण) लावून ठेवा.