उच्चशिक्षित, नोकरीपेशातल्या लोकांमधला वंश आणि ओळखीचा प्रश्न मांडणारं एखादं इंग्रजी नाटक सुचवाल का? भाषणबाजी नको.

अयाद अख्तर यांचं 'डिसग्रेस्ड' वाचा. २०१२ मध्ये शिकागोत पहिल्यांदा झालं, २०१३ चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं.

नायक अमीर कपूर न्यूयॉर्कमधला बडा कॉर्पोरेट वकील. मूळ आडनाव अब्दुल्ला. ते त्याने बदललंय आणि आईवडील भारतातले असं ऑफिसात सांगून पाकिस्तानचा उल्लेख टाळलाय. आडनाव ऐकताच समोरच्याची जात-धर्म ताडणाऱ्या आपल्याला यातलं ओझं कळायला वेळ लागत नाही.

पहिलाच प्रवेश बघा. अमीर वर इटालियन कोट आणि कडक शर्ट, खाली नुसती चड्डी, असा उभा आहे आणि त्याची गोरी चित्रकार बायको एमिली त्याला रेखाटतेय. एका वेटरने त्याला दिलेल्या तुच्छ वागणुकीवरून तिला हे सुचलंय. तिच्या डोळ्यांपुढे चित्र आहे ते स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने १६५० मध्ये काढलेलं हुआन दे पारेहाचं. हा पारेहा वेलास्केझचा गुलाम होता! एमिलीचं नवऱ्यावर मनापासून प्रेम आहे, आणि तरी त्याला रंगवताना तिला आठवतो तो गुलामच. मला अख्ख्या नाटकात हीच जागा सगळ्यात बोचते.

पुढे जेवणाचा मोठा प्रवेश येतो: हे दोघं, कलादालनातली प्रदर्शनं ठरवणारा ज्यू क्युरेटर आयझॅक आणि त्याची कृष्णवर्णीय बायको जोरी, जी अमीरच्याच फर्ममध्ये वकील आहे. दारू चढते, कुराणावर वाद पेटतो, आणि इस्लामवर सगळ्यात कडक टीका करणारा अमीरच ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या वेळी क्षणभर अभिमान वाटल्याचं बोलून जातो. चर्चा बहुतेक या वाक्याचीच होते. माझ्या मते खरा घाव ऑफिसातून बसतो. बायको आणि भाच्याच्या आग्रहाखातर अमीर एका अटकेतल्या इमामाच्या सुनावणीला जातो, पेपरात नाव येतं, तेवढ्यावरून वरिष्ठांची नजर बदलते आणि पार्टनरशिप जोरीला मिळते.

शेवटी अमीर बायकोवर हात उचलतो. यातून मुसलमान पुरुषाबद्दलचा जुना समज पक्का होतो, असा आक्षेप घेतला गेलाय आणि मलाही तो पटतो. पण त्यासाठी नाटक टाळू नका. दीडेक तासाचंच आहे; जमलं तर चौघं मिळून जेवणाचा प्रवेश मोठ्याने वाचा, जोरीचे संवाद नीट ऐका.