उद्यम नोंदणी असूनही सरकारी टेंडरमध्ये बाद का केलं जातं? लघुउद्योगासाठी पात्रता नेमकी कशी ठरते?

तुम्ही लिहिलंय की स्टीलच्या कपाटांचा आणि रॅकचा तुमचा छोटा व्यवसाय आहे, थोडा माल स्वतः बनवता, थोडा बाहेरून आणून विकता. उद्यम प्रमाणपत्र (केंद्र सरकारकडच्या उद्योग नोंदणीचा कागद) आहे म्हणून केंद्र सरकारच्या एका टेंडरमध्ये ईएमडी, म्हणजे बिडसोबत भरायची अनामत रक्कम, न भरता बिड टाकलं आणि तांत्रिक तपासणीतच बाद झालात. "लघुउद्योगाला सूट असते ना?" असा तुमचा प्रश्न.

सूट असते. पण तुमच्या प्रश्नातलं "थोडा माल बाहेरून आणून" वाचलं आणि तिथेच घोडं अडलं असणार असं वाटलं. मी स्वतः पत्र्याच्या कामाचं युनिट चालवतो आणि याच दगडाला एकदा ठेचकाळलोय.

मुळात उद्यम प्रमाणपत्र तुम्ही केवढे आहात हे सांगतं, तुम्ही ते काम करू शकता का हे सांगत नाही. टेंडरवाला दोन्ही तपासतो, आणि आपण मात्र पहिला कागद जोडून निवांत बसतो.

केवढे आहात हे आधी पाहू, कारण ते सोपं आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात, एक ओलांडली की वरचा वर्ग लागू होतो. गुंतवणूक म्हणजे मशीन घेतलं तेव्हाची किंमत नव्हे, घसारा वजा करून आयकर विवरणात उरलेली. निर्यातीची विक्री उलाढालीत धरत नाहीत. एका पॅनवर जेवढी युनिटं असतील त्या सगळ्यांची बेरीज होते, त्यामुळे एकाच मालकाच्या तीन प्रोप्रायटरी फर्म या हिशेबात एकच. मध्यम उद्योगही उद्यममध्ये नोंदतात, पण टेंडरमधल्या सवलती फक्त सूक्ष्म आणि लघु यांना आहेत. हे अनेकांना बिड उघडल्यावर कळतं.

आता तुमची अडचण. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांना २०१२ चा सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरण आदेश लागू आहे. त्यानुसार टेंडरचे कागद मोफत, ईएमडी माफ, वर्षाच्या एकूण खरेदीपैकी २५ टक्के या उद्योगांकडून (त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून), आणि ३५८ वस्तू तर फक्त याच उद्योगांसाठी राखीव. पण हे सगळं माल बनवणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे. व्यापाऱ्यासाठी नाही. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. प्रमाणपत्र दोघांचं दिसायला सारखंच, म्हणून घोळ होतो.

माझं प्रमाणपत्र २०२२ मध्ये घाईत काढलं गेलं. कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलाने एनआयसी कोड (व्यवसायाचा प्रकार सांगणारा सरकारी क्रमांक) टाकताना ४६ ने सुरू होणारा, म्हणजे घाऊक व्यापाराचा, कोड निवडला. मी पाहिलंही नाही. कारखान्यात प्रेस चालू, वेल्डिंग चालू आणि कागदावर मी व्यापारी! पहिल्याच मोठ्या बिडमध्ये "ईएमडी सूट अमान्य" असा शेरा आला. भांडायला गेलो तर समोरच्याने प्रमाणपत्राचं दुसरं पान फिरवून दाखवलं. चूक त्याची नव्हती.

तेव्हा आज आधी तुमच्या प्रमाणपत्रावरचे कोड पाहा. फर्निचर बनवणं ३१ मध्ये येतं, पत्र्याच्या इतर वस्तू २५ मध्ये. कोड चुकीचा असेल तर उद्यमच्या पोर्टलवर मोफत दुरुस्त होतो, एजंटला पैसे देऊ नका. कोड बरोबर असूनही तुम्ही त्या बिडमध्ये दुसऱ्याने बनवलेला रॅक देऊ केला असेल, तर त्या वस्तूपुरते तुम्ही विक्रेतेच. मग ईएमडी भरायची, अंदाजित किमतीच्या साधारण २ ते ५ टक्के. आणि मूळ उत्पादकाचं अधिकारपत्र मागितलं असेल तर तेही जोडायचं.

दुसरा सापळा अनुभव आणि उलाढालीचा. लघुउद्योगाला तीन वर्षांचा अनुभव लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पूर्ण होत असतील तर खरेदीदार ही अट शिथिल करू शकतो. करायलाच हवी असं नाही; सार्वजनिक सुरक्षा, आरोग्य, संवेदनशील उपकरणं अशा खरेदीत तो ती कायम ठेवू शकतो. जेमवर (केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर) याचं उत्तर बिड डॉक्युमेंटच्या पहिल्या पानांतच असतं: अनुभव व उलाढालीतून एमएसई (सूक्ष्म व लघु उद्योग) सूट, होय किंवा नाही. स्टार्टअपसाठी तसाच वेगळा रकाना. तिथे "नाही" असेल तर प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो, उपयोग शून्य. मी आता किंमत काढायला बसण्याआधी तो एक शब्द बघतो. "मागील कामगिरी" ही अट त्याच कागदात वेगळी लिहिलेली असते, म्हणजे मागवलेल्या संख्येच्या अमुक टक्के माल तुम्ही किंवा मूळ उत्पादकाने गेल्या तीन वर्षांपैकी एका वर्षात पुरवलेला हवा. वरच्या "होय"मध्ये ही अटही गेली असं गृहीत धरू नका. खाली खरेदीदाराने स्वतः जोडलेल्या अटीही वाचा, खरी गंमत तिथे लपलेली असते.

बांधकामाच्या टेंडरचं गणित वेगळं. तुम्हाला पुढे शेड उभारणीच्या कामात उतरायचं असेल तर लक्षात ठेवा, वरचा आदेश वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटांना लागू होत नाही. तिथे साधारणपणे केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये सांगितलेला हिशेब चालतो: सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के, आणि गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक काम पूर्ण केलेलं. म्हणजे एक कोटीच्या कामासाठी ४० लाखांची तीन कामं. "पूर्ण" या शब्दावर जोर आहे, चालू कामाची वर्क ऑर्डर चालत नाही. आणि "तशाच प्रकारचं" म्हणजे काय हे टेंडरमध्येच लिहिलेलं असतं, तेवढ्या एका ओळीवर निम्मे लोक गळतात.

राज्य सरकार, जिल्हा परिषद, नगरपालिका यांना केंद्राचा आदेश आपोआप लागू नाही. महाराष्ट्राचं खरेदी धोरण स्वतंत्र आहे, त्यामुळे महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवरचं प्रत्येक टेंडर कोरं समजून वाचायचं.

सवलतीचा खरा फायदा मात्र किमतीत आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. समजा सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा, १०० रुपये, आणि तुमचा ११२. तुम्ही सर्वांत कमी दराच्या वरच्या १५ टक्क्यांच्या पट्ट्यात आहात, म्हणून १०० ला यायची तयारी दाखवलीत तर ऑर्डरचा किमान २५ टक्के भाग तुम्हाला मिळू शकतो. काम तोडून देता येण्यासारखं नसेल तर पूर्णही. सर्वांत कमी दर दुसऱ्या लघुउद्योगाचाच असेल तर हे चालत नाही. ११२ चा १०० करताना हातात काय उरतं हे आधीच काढून ठेवा. होकार द्यायला वेळ थोडाच मिळतो. ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम नीट पुरं करण्याची हमी रक्कम) या सवलतीत माफ नाही, तेवढी बँक गॅरंटी किंवा मुदत ठेव हाताशी हवी. माझ्या ओळखीचे एक जण ऑर्डर जिंकून याच ठिकाणी अडले.

एक गोष्ट मात्र करू नका. काही जण नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावाने दोन फर्म काढून एकाच टेंडरमध्ये दोन्हीकडून बिड टाकतात, किंवा बाहेरचा माल स्वतःचा म्हणून दाखवतात. पॅन वेगळे असले तरी एकाच टेंडरमध्ये संगनमत दिसलं की सचोटीच्या अटींचा भंग ठरतो, आणि टेंडर काढणारं सरकारी खातं दोन वर्षांपर्यंत बंदी घालू शकतं.

तुमच्या बाद झालेल्या बिडबद्दल: जिथे बिड टाकलं त्या पोर्टलवर बाद होण्याचं कारण लिहिलेलं असतं आणि तिथूनच हरकतही नोंदवता येते, पण मुदत अगदी तुटपुंजी असते. कोड उत्पादनाचा असेल आणि देऊ केलेला माल तुमच्याच युनिटचा असेल तर आजच हरकत टाका, सोबत प्रमाणपत्राचं कोड असलेलं पान आणि मशीनच्या खरेदीची बिलं जोडा. कोड व्यापाराचा निघाला तर हे बिड सोडून द्या, आधी कोड दुरुस्त करा.