प्रश्न तुमचे, ग्रीस आमचं: आधी बॉनेट उघडायला सांगा

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की मुंबईतला जुन्या गाड्यांचा शो बघायला सकाळी सातला फोर्टात पोचलो आणि घरी यायला रात्र झाली, दुपारचं जेवण म्हणजे एक वडापाव नि तीन कटिंग. तेवढ्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळी बॅटरी आणि टायरवाल्यांना थांबायला लागेल, सॉरी. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काही निवडलेत.

प्रश्न: काका, माझे बाबा तीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवायचे, पद्मिनी. 2023 ला ती बंद झाल्याची बातमी टीव्हीवर लागली त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या शोला त्यांना न्यायचा विचार आहे पण तिकडे सगळ्या राजेरजवाड्यांच्या गाड्या असतात म्हणे. त्यांना परकं वाटेल का? (डोंबिवली)

अगं ने त्यांना, विचारतेस काय. त्या दिवशी शोला काय झालं ते सांगतो. साडेदहाच्या सुमारास ऊन चढलं होतं आणि रांगेत एक डुक्कर फियाट उभी होती (नवीन पोरांसाठी सांगतो, 1954 च्या आसपासची फियाट 1100, पाठीमागून गुबगुबीत, पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, तिला सगळे डुक्करच म्हणायचे आणि त्यात अपमान नव्हता). रांग सरकायला लागली, हिने दहा फूट जाऊन मान टाकली. मालक तरुण, आयटीवाला असावा, घामाघूम. सेल्फ मारतोय, मारतोय, बॅटरी रडायला लागली. सूटबूटवाले चारजण गोळा झाले, एकाने मोबाइलवर कायतरी शोधायला घेतलं. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, साधा शर्ट, पायात चप्पल, म्हणाले "मारू नको बाबा, बॉनेट उघड." त्यांनी स्वतःचा रुमाल काढला, पाण्याची बाटली मागून घेतली, रुमाल भिजवून एसी पंपावर गुंडाळला (एसी म्हणजे थंड हवेचा नाही, इंजिनच्या अंगाला बसलेला पेट्रोलचा पंप) आणि शांतपणे मडगार्डला हात न लावता बाजूला उभे राहिले. दहा मिनिटांनी म्हणाले "आता मार." पहिल्या सेल्फला चालू. टाळ्या पडल्या बरं का, त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

झालं काय होतं, तर इंजिन तापलं की पंपात नि पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ढकलत बसतो नि कार्बोरेटर (पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उपाशी. व्हेपर लॉक म्हणतात त्याला. ओलं फडकं हे त्याचं औषध आणि ते तुझ्या बाबांनी मे महिन्यात सिग्नलला किती वेळा केलं असेल ते त्यांनाच विचार. ते गृहस्थही टॅक्सीवालेच निघाले. नंतर तासभर मालकाने त्यांना सोडलं नाही, शेजारी बसवून फेरी मारली.

आणि पद्मिनी काय कमी आहे का? कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघायला लागली, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात मिळालं, इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, टॅक्सीचं वय वीस वर्षं, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर खेळ खल्लास. पण खासगी पद्मिन्या शोला येतात, आता तर त्यांच्याभोवती रोल्सपेक्षा जास्त गर्दी असते कारण रोल्समध्ये कोणाची मावशी लग्न होऊन गेलेली नसते. बाबांना अशा एखाद्या गाडीपाशी उभं कर आणि मालकाला सांग की हे चालवायचे. बाकी काही करावं लागणार नाही. फक्त घरी यायची घाई नको.

प्रश्न: विंटेज आणि क्लासिक यात नक्की फरक काय? माझी 1984 ची मारुती 800 विंटेज म्हणून शोला लावू शकतो का? (ठाणे)

नाही लावू शकत, पण प्रेम कळलं. सगळीकडे फिरून बघितलं तर विंटेज म्हणजे साधारण 1919 ते 1930 मधल्या गाड्या, त्याच्या आधीच्या त्या व्हेटरन, आणि क्लासिक हा शब्द प्रत्येक क्लब आपापल्या सोयीने वापरतो, त्यावरून भांडणं पण होतात. आपल्या सरकारने 2021 मध्ये नियम आणला तो वेगळाच, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज, आणि ती मूळ रूपात पाहिजे. म्हणजे तुमच्या मारुतीला 2034 पर्यंत थांबायचंय. तोवर पावसात उघड्यावर लावू नका, त्या गाड्यांचे पत्रे आधी खालून जातात.

प्रश्न: आमच्या वाईच्या वाड्यात आजोबांची 1958 ची फियाट 1990 पासून बंद पडून आहे. शोमधल्या गाड्या बघून भाऊ म्हणतोय चालू करूया, बॅटरी पण आणलीये. आजोबा गेले, आरसी बुक सापडत नाहीये. काय करावं? (सातारा)

पहिली गोष्ट, भावाला म्हणावं ती बॅटरी इन्व्हर्टरला लाव. तीस-पस्तीस वर्षं उभ्या इंजिनला सेल्फ मारणं म्हणजे झोपलेल्या म्हाताऱ्याला कॉलर धरून पळवणं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असणार, वर जोर लावला की काहीतरी तुटणार. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल नि इंजिन ऑइल मिसळून ओता आणि आठ-दहा दिवस विसरून जा. मग हँडल (इंजिन फिरवायची लोखंडी दांडी) लावून हाताने, हाताने म्हणतोय मी, हळू फिरवून बघा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळून धरली आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जातो, आमच्या गॅरेजच्या जुन्या मिस्त्रीचा डावा अंगठा तसाच वाकडा होता, आम्हाला पोरांना तो दाखवूनच शिकवायचा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचा वार्निश झालेला असतो. वायरिंग उंदरांनी खाल्लं असणार हे धरून चाला. ब्रेकचे रबरी पाइप नि सिलिंडरचे वायसर बदलल्याशिवाय गाडी वाड्याच्या दरवाजाबाहेर काढायची नाही, चालू होण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पंपाचा पडदा नि पाइप नवीन, इथेनॉल चालणारे टाका.

पार्टची काळजी करू नका, फियाटचे अजून मिळतात, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला आणि चोरबाजारात चक्कर मारा, जुना पार्ट हातात घेऊनच जा, नाव सांगून काही मिळत नाही.

कागदाचं. आरसी हरवल्याची पोलिसात तक्रार द्या, डुप्लिकेटसाठी फॉर्म 26, मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, हे दोन्ही ज्या आरटीओत नोंद आहे तिथे. मग पाहिजे तर विंटेज म्हणून नोंदणी करा, आधीच नोंद असलेल्या गाडीला पाच हजार फी, नव्याने नोंदवायची तर वीस हजार, दहा वर्षं चालते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, म्हणजे आपल्याकडे एमएच व्हीए. पण नीट वाचा, अशी गाडी रोज भाजी आणायला काढता येत नाही, शो, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. लग्नाला भाड्याने देऊन खर्च काढू असा भावाचा प्लॅन असेल (असणारच) तर तेही चालत नाही. त्यामुळे आधी ठरवा गाडी फिरवायची आहे की मिरवायची आहे.

रंगकाम मात्र सगळ्यात शेवटी. सगळे उलटं करतात, आधी चकाचक रंग, मग पैसे संपतात आणि इंजिन तसंच.

प्रश्न: त्या शोमध्ये मळकट राखाडी गाडीला बक्षीस दिलं आणि शेजारच्या झगझगीत लाल गाडीला काहीच नाही. सेटिंग असतं का? (पुणे, सदाशिव पेठ)

पत्ता नसता लिहिला तरी कळलं असतं. सेटिंग असतं की नसतं यावर मी बोलणार नाही, मला परत जायचंय तिथे. पण त्या लाल गाडीजवळ मी अर्धा तास होतो, तुम्ही पण बघितलं असेल, पाटीवर 1924 लिहिलं होतं आणि रेडिएटरपासून दिव्यांपर्यंत सगळं क्रोम. आता क्रोम गाड्यांवर सर्रास यायला लागलं विसाच्या दशकाच्या शेवटी, त्याच्या आधी निकेल असायचं, त्याची चमक जराशी पिवळसर, जुन्या पितळी समईला राखेने घासल्यावर येते त्याच्या जवळपासची. क्रोम निळसर दिसतं, स्टीलच्या डब्यासारखं. एकदा डोळ्याला सवय झाली की लांबून कळतं. दुसरं, डॅशबोर्डचे स्क्रू स्टारचे होते. फुलीवाला फिलिप्स स्क्रू मोटारीत आला तोच 1936 च्या कॅडिलॅकपासून, मग 1924 च्या गाडीत तो कुठून आला? परीक्षक गुडघ्यावर बसून हेच बघत असतात. कोणी म्हणेल किती तो बारकावा, पण मग पैठणीला पॉलिस्टरचा काठ लावला तर चालेल का?

राखाडीचा रंग ज्या दिवशी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा होता. बॉनेट उघडायला सांगितलं तर मालकाने आनंदाने उघडलं, आत तेलाचा ओघळ, जुनी कापडी वायर, आणि ती ट्रेलरवर नाही, स्वतः चालत आलेली. लाल गाडीच्या मालकाला तेच सांगितलं तर म्हणाला चावी ड्रायव्हरकडे आहे. बॉनेटला चावी? मी काही बोललो नाही.

प्रश्न: कोल्हापूरची मेबॅक मुंबईच्या शोला का आणत नाहीत? (कोल्हापूर)

का आणायची? मेबॅक म्हणजे राजघराण्याची जुनी जर्मन गाडी, दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी तिच्यातून दसरा चौकात येतात, अख्खं कोल्हापूर बघायला असतं, इथे दोरी लावून उभी करण्यापेक्षा ते बरं. ज्या कंपनीने झेपेलिनची, म्हणजे वायू भरलेल्या अवाढव्य हवाई जहाजांची, इंजिनं बनवली तिची गाडी सोनं लुटायला निघते, यापेक्षा भारी शो कुठला. आणि तुमच्या गावाचा मोटारींशी संबंध त्याच्याही आधीचा आहे, 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची परीक्षा झाली होती, सहाशेवीस मैल, मधे घाटच घाट, त्यात रोल्स रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' जिंकली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. तेव्हाच्या रस्त्यांवर. आता आपल्याला खंबाटकीत एसी चालू ठेवून कंटाळा येतो.

प्रश्न: त्या सात लिटरच्या इंजिनाच्या गाड्या ॲव्हरेज किती देतात? (नागपूर)

मी विचारलं होतं. मालकाने आधी बायको कुठे उभी आहे ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विषय बदलला.

प्रश्न: मी चौथीत आहे. जुन्या गाडीचा भोंगा वाजवू देतात का? आईने लिहून दिलंय पण प्रश्न माझा आहे. (नाशिक)

देतात, पण विचारून. आधी नमस्कार करायचा, गाडी कुठल्या सालची विचारायचं, मग मालक खूश असतो. दप्तर पाठीवरून काढून आईकडे द्यायचं, त्याच्या चेनचे ओरखडे रंगावर पडतात. मोठ्या माणसांच्या पट्ट्याच्या बकलाचे तर जास्त पडतात, फोटोसाठी टेकतात ना, तुझ्या बाबांना पण सांग. भोंग्याचा रबरी फुगा पूर्ण तळव्यात धरून हळू दाबायचा आणि हळू सोडायचा, म्हशीसारखा आवाज येतो. बोटं रुतवून झटक्यात दाबायचा नाही, रबर जुनं असतं, फाटतं. मी तुझ्याएवढा असताना एकाचा फाडलाय. त्या काकांनी काही म्हटलं नाही, फक्त माझ्या वडिलांकडे बघितलं, आणि घरी आल्यावर जे झालं ते मी इथे लिहीत नाही.