यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो टोकन) पाठवले, पण समोरच्याला दिसत नाहीत. दोष कोणाचा धरायचा?

वॉलेटची चावी, म्हणजे पैसे हलवू देणारा गुप्त कोड, कोणाच्या ताब्यात होती, त्यावर ते ठरतं.

एक्स्चेंजवरून, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवरून, पाठवलेत आणि ट्रान्झॅक्शन आयडी अजून आलेलाच नाही, तर व्यवहार सहसा ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत) गेलेलाच नसतो. तोवर ताबा एक्स्चेंजचा, तक्रारही तिथेच करा. आयडी आल्यावर मात्र पत्ता आणि नेटवर्क तुम्ही निवडलं होतं, हेच उत्तर मिळतं. व्यवहार उलटवणारी बँक इथे नाही.

सगळ्यात जास्त घोळ नेटवर्कचा, म्हणजे यूएसडीटी कोणत्या ब्लॉकचेनवरून पाठवायचे याचा, होतो. इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते एकाच धाटणीचे असतात, त्यामुळे चुकीचं नेटवर्क निवडलं तरी अ‍ॅप अडवत नाही. (ट्रॉनचा पत्ता 'टी'ने सुरू होतो, तिथे चूक लगेच कळते.) समजा, इथेरियमऐवजी बीएनबी चेन निवडली गेली. पैसे समोरच्याच्या स्वतःच्या वॉलेटवर, म्हणजे चावी त्याच्याकडेच असते अशा मेटामास्कसारख्या अ‍ॅपमध्ये गेले असतील तर बुडालेले नाहीत. एकच चावी दोन्ही चेनवर चालते. त्याने वॉलेटमध्ये बीएनबी चेन आणि तिथलं यूएसडीटी टोकन जोडायचं, पुढे पाठवायला फीपुरतं बीएनबी (त्या चेनचं नाणं) ठेवायचं.

पत्ता एक्स्चेंजचा असेल तर पंचाईत आहे. चूक तुमची, पण चावी त्यांची. आयडी देऊन विनंती करा. काही जण फी घेऊन परत देतात, काही सरळ नकार देतात.

या गडबडीत 'पैसे काढून देतो' म्हणत कोणी वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द (यांतूनच चावी तयार होते) मागितले, तर अजिबात देऊ नका.